बेस्तरवार

“अज्जा, आज वार कुठला?” नर्सनं विचारलं.

सुबरावांनी खिडकीकडं पाहिलं. “न्हाय, वारं न्हाय लागत. ऱ्हाऊ दे उघडी.”

शेजारी बसलेल्या मंजुश्रीनं मान खाली घातली. सासऱ्यांना इथं आणायचं तिनंच ठरवलं होतं. वडगावात देवळाच्या सभागृहात आठवड्यातून एकदा म्हातारी माणसं जमत. एका बाजूला कॅरम चाले, दुसऱ्या बाजूला बायका भजन म्हणत. आज त्या गोंगाटातच स्मरणशक्तीची तपासणी ठेवली होती. चिकोडीकडची पूर्णिमा नावाची नर्स आली होती. खोकल्याची साथ असल्यानं तिनं मास्क लावला होता.

सुबराव खुर्चीच्या कडेवर बसले होते. नर्सचा आवाज त्यांना येत होता, पण त्यातून शब्द काही हाती लागत नव्हते. घरीही हल्ली तसंच होई. परवा मंजुश्रीनं मीठ सांगितलं आणि ते पीठ घेऊन आले. त्याआधी कुकर शिट्ट्या देऊन देऊन करपला, आणि हे शेजारच्याच खोलीत पेपर वाचत बसलेले. “आप्पांना आता एकटं सोडायचं न्हाई,” मुलगा नागेंद्र त्यांच्या समोर बसून म्हणाला होता. “उद्या घरची वाट विसरतील.” डोक्यातून एकेक गोष्ट गळत चालली आहे, असं सुबरावांनाही वाटायला लागलं होतं.

“मी तीन शब्द सांगते. ध्यानात ठेवा,” पूर्णिमा म्हणाली आणि तिनं ते सावकाश सांगितले. “आता तुम्ही म्हणा बघू.”

ती आपल्याकडं बघत थांबली आहे, एवढं सुबरावांना कळलं. ते कसनुसं हसले. तिनं शब्द परत सांगितले.

“बरं, राहू दे. वार तरी सांगा. आज वार कुठला?”

त्यांनी नजर चुकवली. ती गेली थेट पलीकडच्या भिंतीशी, रक्तदाब तपासायला बसलेल्या बायाक्काकडं. सुबराव ज्या मागाच्या शेडमध्ये जन्मभर कापड विणत होते, तिथंच बायाक्का एकेकाळी सुताच्या कांड्या भरायची. केव्हापासून ती सुबरावांची फजिती बघत होती. नजरानजर होताच तिनं ओठ हलवले.

“बेस्तरवार,” सुबराव म्हणाले.

पूर्णिमाचं पेन थांबलं. “बरोबर. पण तुम्हाला कुणी सांगितलं?”

हा प्रश्नही त्यांच्यापर्यंत पोचला नाही. पण आपण पकडलो गेलो, हे तिच्या डोळ्यांत दिसलं. त्यांनी गुमान बायाक्काकडं बोट केलं.

“मी काय बोललो न्हाय,” बायाक्का तिकडून म्हणाली.

“तेच की,” पूर्णिमा उठत म्हणाली. “तुम्ही बोललाच नाही. मग ह्यांना कळलं कसं?”

“कळतंय की. शेडमधी माग सुरू झालं की कुनाला काय ऐकू येतंय? आमी तिथं जलमभर असंच बोललो.”

मग पूर्णिमा खुर्ची ओढून सुबरावांच्या अगदी समोर बसली आणि तिनं मास्क हनुवटीखाली घेतला. सुबरावांना तिचं तोंड पहिल्यांदाच दिसलं. पुढचा एक दात जरा वाकडा होता.

“नारळ, खुर्ची, बैल,” ती म्हणाली.

“नारळ, खुर्ची, बैल,” सुबराव म्हणाले.

तिनं त्यांना गावाचं नाव विचारलं. महिना विचारला. शंभरातून सात, परत सात असं वजा करायला लावलं. सुबराव कुठंच अडले नाहीत. शेवटी तिनं मघाचे तीन शब्द विचारले, तेही त्यांनी सांगितले, आणि वर म्हणाले, “बैल कुनाचा, त्ये मात्र तुमी सांगितलं न्हाईसा.”

पूर्णिमा हसली. “अज्जा, तुमचं डोकं ठणठणीत आहे. कान गेलेत, कान. मागाच्या खडखडाटानं.”

“कान?”

“कान.”

सुबराव तिच्या ओठांकडं बघत राहिले. “निस्तं कानच न्हवं?”

“नुसते कानच. मोठ्या दवाखान्यात दाखवा, मशीन बसवतील. आणि घरच्यांनी समोर येऊन बोलायचं. पाठीमागून न्हाई, आतल्या खोलीतून न्हाई.”

सुबरावांनी आल्यापासून पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली. एक मोठा श्वास सोडला. मंजुश्री पदरानं डोळे टिपत होती. मग ती उठून त्यांच्या समोर आली. “आप्पा, मग त्या दिवशीचं पीठ?”

“तू चुलीकडं तोंड करून बोलतीस. मला पीठच ऐकू आलं.”

“मग विचारायचं की परत.”

“कितींदा विचारायचं गं? लाज वाटती.”

मंजुश्रीनं फोन काढला आणि नवऱ्याला सांगायला ती दाराबाहेर गेली.

ती परत आली तेव्हा भजन रंगात आलं होतं. सुबराव बायाक्काशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले होते. दोघांचे ओठ भराभर हलत होते. आवाज कसलाच नव्हता. मधेच बायाक्कानं कपाळावर हात मारून घेतला आणि दोघंही खांदे गदगदवत हसायला लागले.

मंजुश्री त्यांच्या पुढ्यात येऊन वाकली. “काय म्हणाल्या आक्का?”

सुबरावांनी डोळे पुसले.

“तुला न्हाय ऐकू यायचं,” ते म्हणाले.