थकबाकीचा पुरावा

कपडे शिवणाऱ्या मावशींनी नऊ वर्षांपूर्वी हप्त्यांवर शिलाई मशीन घेतलं. चाक तडकलेलं निघालं, म्हणून तिसऱ्याच दिवशी परत केलं आणि तशी पोचही घेतली. तरी हप्त्यांसाठी फोन यायचे थांबले नाहीत. दुकान बंद पडलं, वसुली दुसऱ्या कंपनीकडे गेली, फोन करणारे चार जण बदलले. मावशी मात्र प्रत्येकाशी तितक्याच जोमाने भांडत राहिल्या.

पण याच थकबाकीवर बोट ठेवून बँकेने त्यांचं नव्या गाळ्याचं कर्ज अडवलं, तेव्हा कागदांची पिशवी काखोटीला मारून मावशी थेट वसुलीच्या ऑफिसात जाऊन बसल्या.

वसुलीवाल्याने पोच दोनदा वाचली. कॉम्प्युटरमध्ये शोधलं, कपाट उपसलं आणि ओशाळून म्हणाला, "मावशी, याची एक झेरॉक्स मिळेल का? आमच्याकडे तुमच्या नावाचा एकही कागद नाही. करारसुद्धा नाही."

नऊ वर्षं घसा कोरडा केला तो कशासाठी, हेच मावशींना कळेना.

"मग मी तुमचं देणं लागते, हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

त्याने फोनच्या नोंदींची यादी उघडून स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.



"तुम्हीच. दर फोनला 'देणार नाही' म्हणालात. देणं नसतंच, तर 'कसलं देणं?' असं विचारलं असतंत."