खुंटीवरचा पट्टा

धाकटा भाऊ कॅमेरा लावून सायकल चालवतो आणि मी त्याच्या व्हिडिओवर आकडे चढवते. वेग, चढ आणि छातीला बांधलेल्या पट्ट्याने मोजलेले हृदयाचे ठोके. जुळवायची माझी खूण ठरलेली आहे. त्याने पहिलं पेडल मारलं, की वेग शून्यावरून हलला पाहिजे.

रविवारी वेग बरोबर जुळला. ठोके मात्र काही केल्या जुळेनात. अख्खा घाट चढताना बासष्ट, निवांत बसलेल्या माणसाइतके. घराच्या गल्लीत वळल्यावर, उतारावर, शंभर. जिन्यात एकशे चाळीस. कॅमेरा हातात धरून त्याने कुलूप काढलं, तेव्हा एकशे एकाहत्तर.

दार उघडलं. आतल्या खुंटीवर पट्टा लटकत होता. सकाळी भाऊ तो घालायलाच विसरला होता.

"पट्टा बिघडलाय, ताई. तू उगाच डोक्याला ताप करून घेतेस," तो म्हणाला. त्या घरात तो एकटाच राहतो.

आज तो सायकलवर गेल्यावर मी त्याच्या घरी, त्याच्याच टेबलाशी कामाला बसले. तासाभराने त्याचा फोन आला.

"ताई, पट्टा पुन्हा खुंटीवरच राहिला बघ. तरी सायकलच्या स्क्रीनवर ठोके दिसतायत. बासष्ट."

मी मान वळवून पाहिलं. खुंटी रिकामी होती.

"कुठे पोचलास?" मी विचारलं.

"अजून घाटातच आहे. तासभर तरी लागेल."

मी आवाज न करता खुर्चीवरून उठले.

"अगं," तो म्हणाला, "आत्ता एकदम एकशे एकाहत्तर झाले."