ताईची पाच बोटं

"चला, आता बोटं," धाकटी म्हणाली आणि हॉलमधली कुजबुज थांबली.

दोन दिवस सगळ्या टीम इथेच ठाण मांडून होत्या. भिंतभर रंगीत चिठ्ठ्या चिकटल्या होत्या. एकेका टीमची एकेक ओळ, दोन-दोन आठवड्यांचा एकेक रकाना. जिथे एका टीमचं काम दुसरीच्या कामावाचून अडणार होतं, तिथे चिठ्ठीपासून चिठ्ठीपर्यंत लाल दोरा ताणलेला. सॉफ्टवेअरच्या येत्या रिलीजचा अख्खा प्लॅन तो, सगळ्यांनी मिळून केलेला. तो पार पडेल यावर आपला किती भरवसा आहे, हे आता प्रत्येकाने बोटांनी दाखवायचं होतं. पूर्ण भरवसा असेल तर पाच, मुळीच नसेल तर एक. एक-दोन दाखवणाऱ्याने उभं राहून कारण सांगायचं, असा धाकटीचा नियम होता.

खिडकीजवळ हाताची घडी घालून ताई बसली होती. धाकटीची सख्खी थोरली बहीण. कंपनीने अजाइल व्हायचं, म्हणजे सगळ्या टीमनी मिळून असा प्लॅन करायचं ठरवलं, त्याआधी प्रत्येक रिलीज हिच्या एकटीच्या तक्त्यावर निघायचं. तारीख हवी असली की मोठे साहेबसुद्धा हिच्या केबिनच्या दारात येऊन उभे राहायचे. तेव्हा सगळे तिला मॅडम म्हणत. धाकटीच्या तोंडून पहिल्याच मीटिंगमध्ये 'ताई' निघून गेलं, आणि बघता बघता शिपायापासून साहेबांपर्यंत ती सगळ्यांचीच ताई होऊन बसली. या नव्या पद्धतीचं काम बघायला धाकटीचं नाव साहेबांना तिनेच सुचवलं होतं. ते आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटे.

"एवढ्या टीम, आणि एक भांडण नाही. तुमच्या बहिणीने कमाल केली हो," साहेब सकाळी म्हणाले होते. ताई हसली होती. हातातला चहा मात्र तिने तसाच टाकून दिला.

तेव्हापासून ती भिंतीत खोट शोधत होती, तांदूळ निवडावेत तशी. दुपारी खडा सापडला. बिलांची टीम आणि मोबाइल अ‍ॅपची टीम, दोघींनीही टेस्टिंगची चिठ्ठी शेवटच्याच रकान्यात लावली होती. टेस्टिंगचा सर्व्हर कंपनीत एकच, आणि एका वेळी त्यावर एकाच टीमला काम करता येतं. त्या दोन चिठ्ठ्यांमध्ये दोराच नव्हता. लोकांना तरी काय माहीत? दर रिलीजला ताई गपचूप एका टीमला थोडं अलीकडे ओढून घ्यायची आणि ही गोष्ट तिने कधी कुणाला सांगितलीच नव्हती.

आता ऐन वेळी दोन्ही टीम एकमेकींच्या उरावर बसतील. तारीख हुकेल. साहेब पुन्हा केबिनच्या दारात येतील. हे सगळं ताईला इतकं लख्ख दिसलं की तिला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. धाकटीची नेमणूक या एकाच रिलीजपुरती होती. ते फसलं की तिला घरी बसावं लागणार, हेही ताईला ठाऊक होतं. तिला लाज वाटली. तरीही ती मूग गिळून बसली.

"एक, दोन, तीन."

भराभर हात वर गेले. कुणाचे चार, कुणाचे तीन, उत्साही मंडळींचे पाच. ताईने तीन दाखवले असते तरी कुणी तिला काही विचारलं नसतं. पण तिने पंजा उघडला आणि वर गोड हसली.

"ताईंचेसुद्धा पाच!" साहेबांनी टाळी वाजवली. "मग झालंच की."

हॉलभर टाळ्या सुरू झाल्या. धाकटी मात्र ताईच्या पंजाकडे बघत राहिली.

"थांबा जरा, साहेब. प्लॅन अजून पास झालेला नाही."

"का? कुणी एक दाखवला?"

"ताईने पाच दाखवलेत."

"मग?"

"शाळेत मी पहिली आले, तेव्हा हिने विचारलं होतं, वर्गात मुलं किती होती?" धाकटी म्हणाली. "माझ्या कुठल्याच गोष्टीला तिने आजवर पाच दिलेले नाहीत. भिंतीवर काहीतरी चुकलंय."

हॉल खो खो हसला. धाकटी हसली नाही. टेबलावरचं लाल दोऱ्याचं रीळ उचलून ती खिडकीपाशी आली. ताईचा हात अजून वरच होता. खाली घ्यायचं तिला सुचलंच नव्हतं. त्या उघड्या पंजात धाकटीने रीळ ठेवलं.

"कुठे बांधायचा, ताई?" तिने अगदी हळू विचारलं.

ताईची पाचही बोटं रिळाभोवती मिटली. तिचे कान लाल झाले होते. ती उठली, भिंतीपाशी गेली आणि शेवटच्या रकान्यातल्या दोन चिठ्ठ्यांमध्ये दोरा ताणला.

"सर्व्हर एकच आहे. बिलंवाल्यांना आधीच्या रकान्यात घे," ती म्हणाली. "आणि अक्षर सुधार जरा. लांबून काही वाचता येत नाही."

धाकटी तेव्हा कुठे हसली.

"आता किती, ताई?"

ताईने दोरा दातांनी तोडला.

"तीन."