दहावी नापास उमेदवार

“ही अट घालणाऱ्या तुमच्या वरच्या साहेबानं जन्मात एक तरी खोटं स्वतः पकडलंय का?” मनकर्णाबाईंनी जाहिरातीचा कागद टेबलावर आपटला. “म्हणं पदवी पाहिजे! मी दहावी नापास. पण लोकांना फसवणारे सगळे पदवीवालेच हायेत की!”

सोमनाथला हसू आलं. बाई खोटं बोलत नव्हत्या. चिकलठाण्यातलं त्याचं बातम्या तपासायचं केंद्र एका माणसावाचून अडलं होतं. आज माणूस नेमला नाही, तर उद्या कुलूप. सकाळपासून नऊ पदवीधर येऊन गेले. नऊच्या नऊ फोनवर दिसेल ते खरं मानणारे.

त्यानं कप विसळले, स्वतःच चहा केला आणि बाईंपुढं ठेवला. बाई त्याच्या हातांकडं बघत होत्या.

“अनुभव काय, मावशी?”

“चौकशीचा. तीस वर्षं.”

“पोलिसात होता?”

“पोलिसाला घावत नाय, ते आम्हाला घावतं.”

त्यानं फोनवर फिरणारा संदेश दाखवला. शेंद्र्याच्या एका कारखान्यात म्हणे रविवारी थेट भरती. बाईंनी कारखान्याला विचारलंच नाही. ओळखीपाळखीनं फोनवर गेटसमोरचा चहावाला गाठला, मग त्याच्याशी अबोला धरलेला पानवाला. दोघंही म्हणाले, रविवारी गेट बंदच असतंय.

“एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं एकच बोलले, की समजायचं खरं,” बाईंनी बशीत चहा ओतला. “तुम्ही कुठले, साहेब?”

“सोयगावचा.”

“आई कुणापाशी असती?”

“माझ्यापाशीच.”

“आन् राग लई येतो का?”

“येतो ना. बघाच आता.” सोमनाथनं वरच्या साहेबाला फोन लावला. “साहेब, दहावी नापास बाई नेमतोय. नऊ पदवीधरांना भारी आहे. नको असंल तर माझाही राजीनामा घ्या.”

पलीकडून आवाज आला, “घे बाबा, घे!”

सोमनाथनं टाळीच वाजवली. “मावशी, उद्यापासून या!”

“येते की.” बाईंनी पदर सावरला आणि खिडकीतून खाली उभ्या रिक्षाला हात केला. “पण नोकरीचं मागनं बघू, सोमनाथराव. मी आले होते पुतणीसाठी स्थळ बघायला, तीस वर्षं हीच चौकशी करते. तुम्ही तिच्या मनात भरलाय, तिनंच धाडलं मला. पोरगी खाली रिक्षात बसलीय. उतरता का नाय, आत्ता सांगा!”