सातवं प्रकरण

पाच प्रकरणं हातावेगळी झाली, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. शेजारच्या खोलीतून बाबांनी विचारलं, "सातवं झालं का?" "सहावं चालू आहे," लेक म्हणाली.

बाबांचं आठवणींचं पुस्तक रविवारी छापून हवं होतं. कारखान्यातली जुनी मंडळी जमणार होती आणि त्यातल्या एकालाही चष्म्याशिवाय धड दिसत नव्हतं. म्हणून हुकूम असा, की अक्षर मोठं आणि ठळक हवं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखं.

काम सोपं होतं, कारण आईचा ब्रश होता. पडद्यावरचं ते चिमुकलं ब्रशचं चित्र. नीट केलेला परिच्छेद निवडून त्यावर एकदा दाबलं, की त्याचं रूप उचलून दुसऱ्या एका जागी लावता येतं. दोनदा दाबलं, की हवं तितक्या ठिकाणी फिरवत सुटा. आई कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट होती. संगणक आले तेव्हा बाकीच्यांनी नाकं मुरडली, हिने महिन्याभरात साहेबालाच शिकवलं. लेक शाळेचा प्रकल्प ओळ न् ओळ निवडून सजवत बसली होती, तेव्हा तिला टपली मारून आईने सांगितलं होतं, "गाढवासारखं राबू नकोस. ब्रश फिरव. आकार, अंतर, रंग, सगळं आपोआप येतं." त्या वेळी आईच्या हाताला शाईचा वास होता. लेकीला तो अजून आठवे.

हे पुस्तकही आईनेच टाइप केलेलं. बाबा आरामखुर्चीत बसून सांगत, ती मुकाट्याने बडवत राही. शेवटचं प्रकरण संपलं आणि तीन महिन्यांत ती गेली. पुस्तकात ती दोनदाच येते, एकदा लग्नात आणि एकदा चहा घेऊन.

पडद्याच्या कोपऱ्यात दुसरं एक पत्र उघडं होतं. दुसऱ्या शहरातल्या शाखेची प्रमुख होण्याबद्दलचं. उत्तर आज पाचपर्यंत द्यायचं होतं आणि नकार लिहून तयार होता. असं बोलावणं पुन्हा येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाबांनी अडवलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले होते, "जायचं तर जा. ज्या हातांनी तुला उचलून नेलं, त्यांना आता पाण्याचा पेला उचलवत नाही, इतकंच."

त्याच रात्री तिने नकार लिहून ठेवला.

कारण सातवं प्रकरण त्या उचलून नेण्याचंच होतं. ती चार वर्षांची असताना तापात आकडी आली, वाहन मिळेना, तेव्हा बाबा तिला छातीशी धरून अनवाणी तीन मैल धावले. दहा मिनिटं उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. प्रत्येक वाढदिवसाला ही गोष्ट व्हायची. पाहुणे डोळे पुसायचे. आई मात्र गोष्ट सुरू झाली, की उठून स्वयंपाकघरात जायची. तिला ते आठवणंसुद्धा सोसत नसावं.

सहावं संपवून लेकीने ते प्रकरण पुन्हा वाचलं. असा बाप किती जणींच्या नशिबात असतो? आपल्याला जन्म एकदा आईने दिला आणि एकदा यांनी, असं ती मैत्रिणींना सांगत आली होती. नकाराचं पत्र पाठवायला आता तिचा हात कचरणार नव्हता.

प्रकरणाखाली अर्धं पान कोरं होतं. कागदाच्या पाठकोऱ्या बाजूही जपून वापरणारी आई, तिने एवढी जागा सोडली म्हणजे शेवटी शेवटी हात थकला असणार. ती जागा पुसून टाकणं लेकीच्या जिवावर आलं.

तिने ब्रशवर दोनदा दाबलं आणि शीर्षकाखालच्या ओळीपासून पान संपेपर्यंत एका दमात फिरवला. मजकुराबरोबर कोरी जागाही त्यात आली. ब्रशने आपला काळा रंग तिथेही लावला, आणि पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत टाइप केलेल्या ओळी ठळक होऊन समोर आल्या.

'बाळा, ब्रश तूच फिरवणार, म्हणून इथे लिहिते आहे. या गोष्टीपायी आयुष्यात कुठे अडून बसू नकोस. त्या दिवशी हे घरी नव्हतेच. तुला घेऊन मी धावले होते.'