खिळ्यावरचा बिल्ला

कोळशाची खाण बंद झाली आणि कामगारांना सरकारी खर्चानं छपरावर सौर पॅनेल बसवायला शिकवणारा वर्ग सुरू झाला. पहिल्याच सकाळी म्हाताऱ्या खाणकामगारानं सवयीनं पितळी बिल्ला शिकवणाऱ्या मुलीच्या हातावर ठेवला. "अरे, आता खाली नाही, वर जायचंय!" जुने सोबती खदखदून हसले. तो ओशाळून पुटपुटला, "उतरताना द्यायचा, बाहेर आल्यावर घ्यायचा. बिल्ला राहिला, तर माणूस आत अडकला समजून शोधायला निघतात." मुलीनं न हसता तो भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. दुपारी तो शिडीच्या अर्ध्यावरूनच खाली उतरला. सगळा जन्म जमिनीखाली गेलेला. उंचीची सवय कुठली? कुणालाही न सांगता त्यानं घर गाठलं. "या वयात हे थेर नकोत. उद्यापासून बंद," बायकोला म्हणाला. तेवढ्यात दार वाजलं. दारात तीच मुलगी. "काका, बिल्ला खिळ्यावरच राहिलाय. शोधायला आले."