बाईंचा शब्द

आपल्या निरोप समारंभाला मोठे साहेब आले, तेव्हा बाईंचा ऊर भरून आला. साहेब निवृत्त झाले त्याला जमाना लोटला होता. काठी टेकत का होईना, पण आले. बसस्थानकाच्या माइकवर बाईंना बसवलं होतं ते त्यांनीच.

मुलाखतीचा तो दिवस बाईंना विसरणं शक्यच नव्हतं. वडील अंथरुणाला खिळलेले, पाठच्या दोन बहिणी शाळेत. बाहेर बाक भरून मुली आणि आत जागा एक. लग्न झालं की मुली नोकरी सोडतात म्हणून साहेब लोक त्यांना घेत नाहीत, हीच चर्चा बाकावर चालली होती. आत गेल्या गेल्या साहेबांनी विचारलं, "लग्न कधी करणार?"

"करणार नाही, साहेब," बाईंनी जराही न अडखळता सांगितलं.

साहेबांनी डोळे मिटले. मग साहेब म्हणाले, "उद्यापासून या."

शब्द म्हणजे शब्द. स्थानकाबाहेरच्या घड्याळवाल्याने तीन वर्षं बाईंची वाट पाहिली. माणूस सोन्यासारखा. बाईंचाही त्याच्यावर जीव होता, खोटं कशाला बोला. पण नोकरी गेली असती तर घर उघड्यावर आलं असतं. "साहेबांना शब्द दिलाय," एवढंच त्या म्हणाल्या. शेवटी त्याने दुकान आवरलं आणि गाव सोडलं. त्याच्या बसची सूचना बाईंनीच दिली, नियमाप्रमाणे दोनदा. दुसऱ्यांदाही आवाज कापला नाही. पुढे बहिणी आपापल्या घरी गेल्या, साहेबही निवृत्त झाले. पण आता शब्द मोडायचा तरी कुणासाठी?

आज साहेबांच्या हातात चहाचा कप देताना बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला दिलेला शब्द मी पाळला हं."

"कसला शब्द?"

बाईंनी सांगितलं. साहेब मनापासून हसले.

"अहो बाई, ते अजून लक्षात आहे तुमच्या? मी तोंडाला येईल ते विचारायचो. कुणाला लग्नाचं, कुणाला स्वयंपाकाचं. उत्तर कोण ऐकतंय? डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचो, खणखणीत आहे की नाही."

खुर्च्यांवरची मंडळीही हसली. बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"साहेब, हे पुन्हा एकदा सांगा," त्या म्हणाल्या. "महत्त्वाची सूचना दोनदा द्यायची असते."